पाण्याची नळी हेंहि एक भांडेंच

आपल्या घरांतील वडील बायकांना भांड्याची पारख कोणी शिकवावी लागली नाहीं. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यांत ताक ठेवलें तर तें कळकतें, चिंचेचें सार तांब्याच्या भांड्यांत करूं नये, लोणचें चिनी मातीच्या बरणींतच घालावें, हे नियम त्यांनीं कोणत्याहि पुस्तकांत वाचले नव्हते. पदार्थ चांगला असून भागत नाहीं, तो ज्यांत राहतो तें भांडेंहि त्याला मानवणारें पाहिजे, एवढें त्या अनुभवानें जाणीत होत्या. आज त्याच घरांत पिण्याचें पाणी ज्या भांड्यांतून येतें, त्याची मात्र कोणी चौकशी करीत नाहीं. कारण तें भांडें आहे, हेंच आपल्या ध्यानांत येत नाहीं. तें भांडें म्हणजे पाण्याची नळी होय.

हा विषय आमच्या मनांत कसा आला तें सांगतों. गेल्या चैत्रांत आम्ही संस्थेच्या एका सभासदांच्या मळ्यावर गेलों होतों. दुपारची वेळ होती व विहिरीवरील पंप नुकताच सुरू झाला होता. यजमानांनीं मोठ्या अगत्यानें नळीच्या टोकाशीं तांब्या धरून तो आमच्या हातीं दिला. पहिला घोट घेतला तों पाणी कोमट, आणि त्याला रबर व औषध यांच्या मधला असा कांहीं चमत्कारिक वास. शिष्टाचार म्हणून आम्हीं तो घोट गिळला. थोड्या वेळानें तीच नळी गड्यानें फवारणीच्या पिंपांत सोडली. पिंप भरल्यावर ती बाहेर काढून बांधावर टाकली. आणि मळ्यांत काम करणाऱ्या मजुरांचीं मुलें तिलाच तोंड लावून पाणी प्यालीं. यजमान सुशिक्षित गृहस्थ आहेत. त्यांच्या घरीं पाणी गाळून घेतात, माठ रोज धुतात. त्यांच्या हातून हयगय झाली असें आम्ही म्हणत नाहीं. नळीकडे पाहण्याची दृष्टिच आपणांपैकीं कोणास नाहीं, आणि आमचा स्वतःचाहि त्यांत समावेश आहे.

घरीं परतल्यावर, या गोष्टीचा विचार कोठें कोणीं केला आहे काय, याचा आम्ही शोध करूं लागलों. सर्वांत बारकाईचा विचार आम्हांस अगदीं अनपेक्षित ठिकाणीं आढळला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घरच्या घरीं बिअर तयार करण्याचा छंद असलेले पुष्कळ लोक आहेत. तेथील दारूबंदी १९३३ सालीं उठली, तरी घरीं बिअर करण्याची मोकळीक मिळाली नव्हती. अध्यक्ष कार्टर यांनीं ऑक्टोबर १९७८ मध्यें सही केलेल्या कायद्यानें ती मिळाली व फेब्रुवारी १९७९ पासून तो अमलांत आला. एका प्रौढ माणसास वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारें ३७८ लिटर, आणि घरांत एकाहून अधिक प्रौढ माणसें असल्यास २०० गॅलन, अशी त्यांत मर्यादा आहे. आपल्या महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें परवान्यावांचून मद्य तयार करणें हा गुन्हा आहे, आणि वाचकांस त्या छंदाकडे वळविण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. आम्हांस घ्यावयाची आहे ती त्या लोकांची पाण्याविषयींची दक्षता. चांगली गोष्ट कोणाच्याहि घरून घ्यावी, त्याचें पेय घेतलें नाहीं म्हणजे झालें.

बिअरमध्यें नऊ दशांशांहून अधिक भाग पाण्याचाच असतो. हे लोक अंगणांत किंवा गाडीखान्यांत मोठें पातेलें मांडतात, आणि स्वयंपाकघरांतील नळ लांब पडतो म्हणून बागेला पाणी घालावयाची नळीच पातेल्यांत सोडतात. महिनाभर खपून तयार केलेल्या बिअरला मग इस्पितळांतील पट्टीसारखा वास येतो आणि सगळा खटाटोप मोरींत ओतावा लागतो. याचें कारण रसायनशास्त्रांत आहे. नळाच्या पाण्यांत जंतुनाशक म्हणून क्लोरीन घातलेला असतो. नळीच्या द्रव्यांतून फिनॉल वर्गांतील पदार्थ पाण्यांत उतरले, कीं क्लोरीनशीं त्यांचा संयोग होऊन क्लोरोफिनॉल नांवाचीं संयुगें बनतात. यांपैकीं कांहींची चव एका लिटरांत एक मायक्रोग्रॅमच्या दहाव्या भागाइतक्या अल्प प्रमाणांतहि जिभेला कळते. आणि एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आपल्या गांवच्या विहिरींत व टाकींत टीसीएल पावडर पडते, तिच्यांतहि क्लोरीनच असतो. तेव्हां मळ्यांतील पाण्याचा तो औषधी वास पाण्याचा नसून नळीचा असण्याचा संभव पुष्कळ आहे. या वासावरून कोणी पावडर टाकणेंच बंद करील तर तें मात्र घातक होईल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकांत मोकळा क्लोरीन लिटरामागें निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावा असें सांगितलें आहे, तें पटकी व हगवण यांच्या निवारणासाठींच होय. दोष औषधाचा नाहीं, भांड्याचा आहे.

नळीचें द्रव्य असें कसें काय करतें, तें आतां पाहूं. बाजारांत हिरव्या, पिवळ्या, निळ्या रंगांच्या ज्या मऊ नळ्या मीटरवर तोडून मिळतात, त्या बहुधा पीव्हीसीच्या असतात. हें द्रव्य मुळांत कडक आहे. आपल्या बोअरवरचे कडक नळ त्याचेच असतात. त्याला मऊपणा यावा म्हणून त्यांत तेलासारखीं द्रव्यें मिसळावीं लागतात, आणि त्यांत थॅलेट वर्गांतील द्रव्यांचा वापर फार झालेला आहे. हीं द्रव्यें पीव्हीसीशीं रासायनिक रीतीनें बांधलेलीं नसतात. स्पंजांत पाणी राहावें तशीं तीं नुसतीं मुरलेलीं असतात. म्हणूनच जुनी नळी कडक होऊन तडकते. तिच्यांतील मृदुकारक हळूहळू निघून गेलेलें असतें. तें गेलें कोठें, हा प्रश्न आपण विचारीत नाहीं. कांहीं हवेंत गेलें, कांहीं पाण्यांत गेलें. यांशिवाय पीव्हीसी तापल्यावर बिघडूं नये म्हणून त्यांत स्थिरकें घालतात, व त्यांत शिशाचीं संयुगें वापरण्याची जुनी चाल आहे. पीव्हीसीच्या नळांत व जोडांत शिशाच्या स्थिरकास आळा घालणारे नियम केंद्र सरकारनें २०२१ सालीं काढले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ज्या नळीवर करणाराचें नांव नाहीं, मानकाचा अंक नाहीं, तिच्या पोटांत काय आहे हें सरकारचा नियम आपणांस सांगूं शकत नाहीं.

दुसरें ठिकाण म्हणजे नळीच्या टोकांवरील पितळी जोड. पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचा मिश्रधातु. परंतु तें यंत्रावर सुबक कापलें जावें म्हणून त्यांत थोडें शिसेंहि घालतात. अमेरिकेंत पिण्याच्या पाण्याच्या जोडांत पूर्वीं शेंकडा ८ पर्यंत शिसें चालत असे. जानेवारी २०१४ पासून पाण्याला लागणाऱ्या भागांत ही मर्यादा सरासरीनें शेंकडा ०.२५ वर आणली आहे. पण बागेच्या नळीला हा नियम लागू नाहीं, कारण ती पिण्यासाठीं नव्हे असें गृहीत धरलें आहे. म्हणूनच तेथील कित्येक नळ्यांच्या वेष्टनावर हिचें पाणी पिऊं नये अशी सूचना छापलेली असते. आपल्याकडे नळी वेष्टनावांचूनच मिळते, तेव्हां सूचना छापावी तरी कोठें?

येथें एक गोष्ट वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. बिअर करणारांचें एका दृष्टीनें भाग्य असें, कीं त्यांची वाईट नळी बोलून दाखविते. वास येतो, चव बिघडते, आणि ते सावध होतात. शिसें मात्र बोलत नाहीं. पाण्यांत विरघळलेल्या शिशाला रंग नाहीं, वास नाहीं, आणि आपणांस जपावयाचें त्या अल्प प्रमाणांत चवहि नाहीं. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत शिसें लिटरामागें ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक नसावें. म्हणजे दोनशें लिटरच्या पूर्ण भरलेल्या पिंपांत अवघे दोन मिलिग्रॅम. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि त्यांच्या बाबतींत निर्धास्त म्हणावें असें कोणतेंच प्रमाण नाहीं, असें आज वैद्यकशास्त्र मानतें. म्हणून ‘पाण्याला वास येत नाहीं, तेव्हां नळी चांगली’ हा निर्णय खोटा आहे. जीभ ही वाईट नळी ओळखण्यास उपयोगी पडते, चांगली नळी ठरविण्यास पडत नाहीं.

कोणी म्हणेल कीं, नळींतून पाणी क्षणभरांत वाहून जातें, तेवढ्यांत काय उतरणार? हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे, म्हणून त्याचा हिशेबच मांडूं. अर्धा इंची व ३० मीटर लांबीची नळी घ्या. तिच्यांत सुमारें पावणेचार लिटर पाणी मावतें, आणि आंतल्या बाजूनें त्या पाण्याला लागणारा पृष्ठभाग सुमारें १.२ चौरस मीटर भरतो. पंधरा लिटरच्या गोल घागरीचा आंतला पृष्ठभाग सुमारें ०.३ चौरस मीटर असतो. म्हणजे एका लिटरामागें पाहिलें तर नळींतील पाणी घागरींतील पाण्याहून सुमारें सोळापट अधिक भांड्याला चिकटलेलें असतें. वाहतें पाणी लवकर निघून जातें हें खरें. परंतु पंप बंद झाल्यावर जें पाणी नळींत अडकून राहतें, तें रात्रभर, कधीं चार चार दिवस, तेथेंच मुरत असतें. त्यांतच नळी बांधावर उन्हांत पडलेली असेल तर तें पाणी हाताला चटका बसण्याइतकें तापतें. आणि उष्णतेनें द्रव्यें अधिक वेगानें सुटतात हें सांगण्यास शास्त्रज्ञ नको, चहा करणाऱ्या कोणासहि तें ठाऊक आहे. मळ्यावर तहानलेला माणूस पंप सुरू होतांच जो पहिला तांब्या भरून पितो, तो नेमका या मुरलेल्या पाण्याचा असतो.

आतां याहूनहि गंभीर अशा एका गोष्टीकडे वळतों. ती नळीच्या द्रव्याची नसून नळीच्या टोकाची आहे. फवारणीचें पिंप भरतांना नळीचें टोंक आंत बुडवून ठेवण्याची आपली रीत आहे, कारण त्यामुळें पाणी उडत नाहीं. पिंपांत औषध आधींच ओतलेलें असतें. अशा वेळीं वीज गेली व पंप थांबला, तर वरच्या नळांतील पाणी उतारानें मागें विहिरीकडे जाऊं लागतें, आणि पंपाच्या तळाची झडप गळकी असल्यास पिंपांतील औषधी पाणीहि त्याच्या मागोमाग ओढलें जातें. एका भांड्यांतून दुसऱ्यांत नळीनें तेल काढतांना जो प्रकार होतो तोच हा. विहीर एकदां अशी बाटली, म्हणजे ती एका घराचीच बाटत नाहीं. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेनें कित्येक शेतकरी व मजूर दगावले, हें आपण विसरलों नाहीं. तेथें विष श्वासांतून व कातडींतून गेलें; परंतु हीं द्रव्यें किती थोड्यांत काय करूं शकतात, याची ती आठवण पुरेशी आहे. यावर उपाय अगदीं फुकटचा आहे. नळीचें टोंक पिंपाच्या कांठापासून निदान वीतभर उंच बांधावें. तें पाण्याला कधींच टेकूं देऊं नये. मधल्या हवेला ओलांडून पाणी मागें जाऊं शकत नाहीं. आणि पाणी आधीं भरून औषध मागाहून घालावें.

बिअर करणाऱ्या त्या लोकांनीं आपल्या अनुभवावरून नळ्यांचे तीन वर्ग पाडले आहेत, आणि ते आपणांसहि लागू पडतात. पातेलें भरावयाची नळी, जिचें पाणी पोटांत जातें, ती अन्नास योग्य अशीच पाहिजे. कढत रस निवविण्यासाठीं तांब्याचें वेटोळें आंत सोडतात, त्यांतून फिरणारें थंड पाणी रसाला लागत नाहीं. तेथें साधी बागेची नळी खुशाल चालते. आणि कढत रस एका भांड्यांतून दुसऱ्यांत नेणारी नळी सिलिकोनची घेतात, कारण साधी पीव्हीसी तेवढ्या उष्णतेंत लिबलिबीत होते. याचें तात्पर्य एवढेंच, कीं सगळ्या नळ्या महाग घ्याव्या असें नाहीं. पाणी शेवटीं कोणाच्या तोंडीं जाणार, झाडाच्या कीं माणसाच्या, एवढा एकच प्रश्न विचारावा, आणि त्याप्रमाणें नळी निवडावी.

आपल्या व्यवहारांत पहिल्या वर्गांत काय काय येतें? घरच्या टाकींत व रांजणांत पाणी सोडणारी नळी. मजुरांच्या पिण्याच्या पाण्याची नळी. गुऱ्हाळावर घाण्यापासून टाकीकडे व टाकीपासून काहिलीकडे रस नेणारी नळी. दुधाचीं भांडीं धुण्याची नळी, आणि जेथें यंत्रानें धारा काढतात तेथील दुधाची नळी. लग्नाकार्यांत आचाऱ्याच्या पातेल्यांत पाणी सोडणारी नळी. जनावरांच्या दोणीचें पाणीहि आम्ही यांतच धरतों, कारण गाय जें पिते त्याचा संबंध शेवटीं आपल्या पोटाशीं येतो. यांपैकीं उंसाचा रस किंचित आंबट असतो, आणि आंबट पदार्थ पितळेशीं कसा वागतो तें ताकावरून आपण जाणतोंच. दुधाची गोष्ट आणखी निराळी आहे. थॅलेट द्रव्यें पाण्यापेक्षां स्निग्ध पदार्थांत अधिक विरघळतात. युरोपीय संघाच्या २०११ सालच्या नियमांत या वर्गांतील सर्वांत प्रचलित मृदुकारक स्निग्ध पदार्थांस लागणाऱ्या वस्तूंत वापरूं दिलेलें नाहीं, तें याच कारणानें. तेव्हां दुधाला बागेची नळी लावणें म्हणजे कल्हई नसलेल्या भांड्यांत ताक घुसळण्यासारखेंच आहे.

नळी घेतांना काय पाहावें, तें थोडक्यांत सांगतों. पहिली गोष्ट, नळीवर छापलेलें वाचावें. पाणीपुरवठ्याच्या पॉलिएथिलीन नळांस भारतीय मानक ४९८४ आहे. अन्न, औषधें व पिण्याचें पाणी यांस लागणाऱ्या पीव्हीसीसाठीं मानक १०१५१, आणि पॉलिएथिलीनसाठीं १०१४६ आहे. परदेशी नळी असल्यास पिण्याच्या पाण्यासाठीं अमेरिकन मानक ६१ चा उल्लेख पाहावा. नुसतें ‘फूड ग्रेड’ असें दुकानदारानें तोंडीं सांगणें पुरेसें नाहीं. तें पावतीवर लिहून घ्यावें. दुसरी गोष्ट, लांब मऊ नळी घेण्याचा मोह टाळावा. विहिरीपासून टाकीपर्यंत काळा पॉलिएथिलीनचा नळ कायमचा जमिनींत गाडावा, आणि शेवटच्या दोन तीन मीटरांपुरतीच चांगली मऊ नळी लावावी. पॉलिएथिलीनला मऊपणासाठीं वेगळें मृदुकारक लागत नाहीं, जमिनींत तो नळ तापत नाहीं, आणि महाग नळी थोडीच लागल्यानें खर्चहि आवाक्यांत राहतो. तिसरी गोष्ट, जोड स्टेनलेस पोलादाचे किंवा मानकाचे प्लॅस्टिकचे घ्यावे. चौथी गोष्ट, नळी पारदर्शक नसावी. पारदर्शक नळींत उजेड जाऊन शेवाळ धरतें.

नळी वापरण्याचे नियमहि साधे आहेत. पंप सुरू केल्यावर पहिलें बादलीभर पाणी परसांतील फुलझाडांस जाऊं द्यावें, आणि मग तांब्या भरावा. वर सांगितलेल्या पावणेचार लिटरांच्या नळीला एक बादली पुरून उरते. काम झाल्यावर नळी उतारावर धरून रिकामी करावी आणि सावलींत खुंटीला टांगावी. जमिनीवर लोळत ठेवूं नये. पिण्याची नळी व फवारणीची नळी यांचे रंग वेगळे असावेच, पण तेवढ्यानें भागत नाहीं. गडी बदलतात, अंधार पडतो, घाई असते. म्हणून दोहोंचे जोडच वेगवेगळ्या मापाचे करावे, म्हणजे चुकून एकीच्या जागीं दुसरी बसणारच नाहीं. ज्या नळीनें एकदां औषधाचें पाणी गेलें, ती धुऊन पिण्याच्या कामीं परत घेऊं नये. मडक्याच्या बाबतींत आपण हा नियम पाळतों. नळीच्या बाबतींत तो मोडण्याचें कारण नाहीं.

‘आमचे आजे-पणजे याच मळ्यांत पाणी पीत आले, त्यांस कांहीं झालें नाहीं,’ असें कांहीं वडील मंडळी म्हणतील. त्यांस आमची सविनय आठवण अशी, कीं आजे-पणजे नळीचें पाणी प्यालेच नाहींत. त्यांनीं मोटेच्या थारोळ्यांत ओंजळ धरली, किंवा दोरानें पोहरा ओढला. प्लॅस्टिकची नळी मळ्यांत आली ती कालपरवांची. जुन्या चालीचा आधार नव्या वस्तूस देतां येत नाहीं. दुसरा आक्षेप खर्चाचा. चांगली नळी साध्या नळीहून महाग असते हें आम्ही नाकारीत नाहीं. पण वर म्हटल्याप्रमाणें ती दोन तीन मीटरच लागते, आणि सावलींत टांगलेली नळी उन्हांत लोळणाऱ्या नळीपेक्षां पुष्कळ अधिक दिवस टिकते.

तथापि एकट्या शेतकऱ्यास मानकांचे अंक पाठ करावयास सांगून हें काम होईल, असें आम्हांस वाटत नाहीं. बाजारांत तो एकटा जातो, चार मीटर नळी मागतो; दुकानदार त्याला काय म्हणून कागद दाखवील? आमच्या मतें हें काम संस्थेचें आहे. बीं व खत यांची एकत्र खरेदी करण्यांत जें बळ आहे, तेंच येथें वापरावें. आमची सूचना अशी: संस्थेनें सभासदांची मागणी गोळा करून एकाच रंगाची, मानकाचा अंक छापलेली, पिण्यास योग्य अशी नळी व तिचे जोड घाऊक घ्यावे, करणाराकडून तशा अर्थाचें लेखी पत्र घ्यावें, आणि वाटण्यापूर्वीं त्या गठ्ठ्यांतील एका तुकड्यांत रात्रभर पाणी भरून ठेवून, जेथें शिशाची तपासणी होते अशा प्रयोगशाळेंत तें पाठवावें. तपासणीचा खर्च एका सभासदास जड जाईल. शंभर सभासदांत तो नाहींसा होईल. जी नळी परीक्षेस उतरणार नाहीं ती परत करावी, आणि तसें या मासिकांत छापावें. एकदां घाऊक गिऱ्हाईक कागद मागूं लागलें, कीं व्यापारीहि कागद असलेलाच माल ठेवूं लागेल. जुन्या काळीं गांवानें मिळून कल्हईवाला बोलवावा, त्यांतलाच हा प्रकार आहे.

येत्या सर्वसाधारण सभेपुढें हा ठराव मांडण्याचा आमचा विचार आहे, आणि सभासदांनीं त्यापूर्वीं आपलीं मतें कळवावीं अशी विनंती आहे. तोंवर प्रत्येकानें एवढें तरी करावें: आज संध्याकाळीं मळ्यांतील आपल्या नळ्या एकदां मोजून पाहाव्या, कोणती नळी कोठें जाते तें पाहावें, आणि जिला मजुराचें मूल तोंड लावतें ती फवारणीच्या पिंपापासून त्याच दिवशीं वेगळी करावी. बाकीच्या सुधारणा पुढच्या हंगामावर टाकल्या तरी चालतील. ही मात्र टाकूं नये.